उशिरा येणारा हात

आमच्या एलिहिओला देवानं एकच काम नेमून दिलंय, दुसऱ्यांच्या पोरांचे हात दुरुस्त करणं. घरातला नळ गळतोय तो गळतोच. पण साखर कारखान्यामागच्या बेसबॉलच्या मैदानावर कुणाच्या पोराचा बॉल भरकटायला लागला, की बाप त्याला धरून आमच्याच दारात हजर! माझा नवरा खुर्चीवर उलटा बसतो, चार बॉल बघतो आणि निकाल देतो, "पाय आधी पडतो, हात मागून येतो. हाताला उशीर होतोय." मग तेलाचा रिकामा डबा नि काठी घेतो. पोरानं आधी गुडघ्यावर बसून बॉल टाकायचा, मग एका पायावर झुलून, मग दोरी ओलांडून. पाऊल टेकलं की डबा वाजणार, आणि तेव्हा हात खांद्याशी तयार पाहिजे. मागे राहिला तर शिव्या.

गेल्या उन्हाळ्यात उशीर व्हायला लागला तो आमच्याच नेफ्तालीच्या हाताला. नेफ्ताली आमचा थोरला, एकोणीस वर्षांचा. अमेरिकेतल्या क्लबचा माणूस शनिवारी त्याला संघात घ्यायचं का ते बघायला येणार होता. हे क्लब सोळा-सतराचीच पोरं उचलतात; एवढ्या वयाच्या, बॉल टाकणाऱ्या पिचरकडे पुन्हा कुणी ढुंकूनही बघत नाही.

एलिहिओ चवताळला. "माझ्याच घरात? लोक तोंडात शेण घालतील!"

माझं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. पोरगा डाव्या हातानं केस विंचरत होता. पाण्याची बादलीही डाव्याच हातात. रविवारी अंगणात डोमिनोचा डाव बसला, तर सोंगटीसुद्धा डाव्या हातानं ठेवली, तीही अलगद. आमच्याकडे सोंगटी अशी आपटतात की टेबल हादरतं. शेजारचा मोंचो म्हणाला, "काय रे, अंडं ठेवतोयस का?" सगळे खो खो हसले.

एलिहिओला मी स्वयंपाकघरात गाठलं. "पोराच्या हातात काहीतरी बिघडलंय."

"आळस आहे नुसता."

"अरे, डोळे फुटले का तुझे?"

"नेरेइदा, तू केळी तळ. हाताचं माझ्यावर सोड."

पोराला विचारलं, तर तो म्हणाला, "काही नाही गं आई, झोपेत अवघडला." माझ्याकडे न बघता म्हणाला.

मग सकाळ-संध्याकाळ डबा सुरू झाला. मी तांदूळ निवडतेय आणि डबा वाजतोय, कपडे वाळत घालतेय आणि डबा वाजतोय. मला त्या आवाजाची धास्तीच बसली. हात रोज थोडा थोडा डब्याच्या जवळ येत होता आणि पोरगं रोज जास्त गप्प होत होतं. गुरुवारी पाऊल, डबा आणि हात एका क्षणात जुळले. एलिहिओनं काठी फेकून पोराला मिठी मारली. नेफ्तालीचे ओठ पांढरे पडले होते, ते त्याला दिसलेच नाहीत.

शनिवारी मी जाळीमागे उभी होते. पहिला बॉल गेला आणि क्लबचा माणूस वेग मोजायच्या यंत्राकडे बघतच राहिला. दुसरा त्याहून जोरात. एलिहिओनं माझ्याकडे बघून छाती फुगवली. तिसऱ्याला पाऊल पडलं, हात अगदी वेळेवर आला, आणि बॉल कॅचरच्या डोक्यावरून थेट रस्त्यावर गेला. नेफ्ताली कोपर धरून खाली बसला. त्या माणसानं यंत्र पिशवीत घातलं.

बाकावर बसवून मी त्याच्या कोपराला बर्फ लावला. एलिहिओ समोर उभा राहून तेच तेच बडबडत होता, "पण वेळ तर बरोबर होती! हात बरोबर वेळेवर आला होता!"

"उशीर होत नव्हता, बाबा," नेफ्ताली म्हणाला. "मी करत होतो. हात मागे ठेवला की कमी दुखायचं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही डबा वाजवत होतात."

एलिहिओ मटकन त्याच्यासमोर मातीत बसला. लोकांचे इतके हात बघितले त्यानं, पण हा प्रश्न त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

"कुठं दुखतंय रे, बाळा?"

"आता नाही दुखत," नेफ्ताली म्हणाला. "आता बोटंच जाणवत नाहीयेत."