डाव्या बाजूची ऊब

मलकापूरला गाडी पोचली तेव्हा सकाळचे सात वाजत आले होते. फलाटावर उतरले आणि थंडी एकदम अंगाला भिडली. नाशिकलाही जानेवारीत थंडी असतेच, पण वऱ्हाडातली कोरडी असते. नाकातून सरळ डोक्यात जाते. लहानपणी मे महिन्याची सुट्टी आजोळी घालवून आम्ही याच स्टेशनवर परत यायचो. बाहेर कडुनिंबाखाली टांगे उभे असत. घोड्यांच्या तोंडाला चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या, पिशव्या बांधलेल्या, आणि सगळ्या आवाराला लीद, हरभरा आणि जिनिंगमधल्या सरकीचा मिळून एक वास. आता तिथे रिक्षांची रांग आहे. कडुनिंबही दिसला नाही, किंवा मला जागा ओळखता आली नाही.

माझ्याकडे एक कपड्यांची पिशवी होती आणि एक काळी पेटी. पेटीत उष्णता टिपणारा कॅमेरा होता. नेहमीचा कॅमेरा उजेड पाहतो, हा अंगाची ऊब पाहतो. जिथे जास्त ऊब तिथे पडद्यावर पिवळा-पांढरा रंग, कमी तिथे जांभळा-निळा. मी घोड्यांची डॉक्टर आहे. जीन नीट बसत नसेल, तर ती उतरवल्याबरोबर घोड्याच्या पाठीचा असा फोटो काढते. जिथे दाब किंवा घासणी जास्त, तिथला भाग बहुधा वेगळा दिसतो. घोडा बोलत नाही, त्याची पाठ थोडंफार सांगते.

मोताळ्यावरून जाणाऱ्या बसमध्ये वाहकाने पेटीकडे बोट दाखवून आत काय आहे ते विचारलं. सांगून त्याला पटेना, म्हणून उघडून दाखवलं. त्याने पडद्यावर स्वतःचा हात पाहिला, मग चालकाचं डोकं पाहिलं आणि म्हणाला, “म्याडम, हे आमच्या इंजिनाले लावा एक डाव. दर घाटात तापते.” राजूरचा घाट चढताना इंजिन खरंच तापलं. दहा मिनिटं थांबलो. खाली मोताळ्याकडची तुरीची शेतं पिवळट झाली होती, आणि घाटातल्या सागाची वाळकी पानं वाऱ्यावर ताटासारखी वाजत होती.

चिखलीहून अमडापूरला पोचायला दुपार झाली. माझे वडील इथल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. सहा ते बारा वर्षांची होईपर्यंत मी या गावात वाढले. मग त्यांची बदली झाली आणि गाव सुटलं. बोलावणं आलं होतं ते कासाकाकूंचं. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, “तुया बापानं या गावातल्या सगळ्या ढोरायले हात लावला. तू एकीले लाव.”

कासाकाकू म्हणजे तुळशीरामकाकांच्या घरच्या. काकांचं भाजीपाल्याचं शेत गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर. गावात मोटरसायकली आल्या, ट्रॅक्टर आले, पण काका शेतात जायचे ते घोडीवरच. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं ते त्यांनी. तेव्हाची घोडी वेगळी, पांढरी होती. मी नऊ वर्षांची. मला वर चढवून ते लगाम धरून शेजारून चालायचे आणि मी जरा वाकडी झाले की मांडीवर चापट मारायचे. “सरळ बस बे. तिले समजते सगळं.” माझ्या व्यवसायाचं मूळ शोधायला गेले तर ते त्या चापटीतच सापडेल.

काका आता पंच्याहत्तरीच्या पुढचे. ओसरीत बाकावर बसले होते. मला पाहून उठले, पण उठताना आधी हात टेकला. चार वर्षांपूर्वी ते मुलाच्या गाडीवर मागे बसले होते, गाडी घसरली आणि उजव्या बाजूचं कमरेखालचं हाड मोडलं. आत सळई घातली आहे. हे मला तिथे गेल्यावर कळलं.

जेवायला कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची), सोल्यांची आमटी (ओल्या तुरीच्या दाण्यांची) आणि ठेचा होता. जेवता जेवता काकूंनी सगळं सांगितलं. आताच्या घोडीचं नाव रंभा. दहा वर्षांची, तांबूस, स्वभावाने इतकी गरीब की शेजारची पोरं तिच्या पोटाखालून जायची. दोन-तीन वर्षांपासून तिचं बिनसलं. जीन दिसली की कान मागे टाकते, पोटाखालचा तंग आवळताना चावायला येते, आणि दिवाळीत तर तिने काकांना गोठ्याच्या भिंतीवर दाबलं. त्यांचा मुलगा गजानन याने मेहकरकडचा एक घेणारा ठरवला होता. तो रविवारी येणार होता. आम्ही बोलत होतो तो दिवस शुक्रवार.

“नाठाळ झाली ते,” काका म्हणाले. बाकी जेवण त्यांनी मान खाली घालून केलं.

संध्याकाळी मी रंभेच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. डावीकडे, मणक्याच्या जरा खाली दाबलं की तिची कातडी थरथरे आणि ती अंग चोरून घेई. तिथे रुपयाएवढे दोन ठिकाणी पांढरे केस होते. कातडी फुटलेली नव्हती. जीन उलटी करून पाहिली, तर गादीत भरलेला डावीकडचा भर उजवीकडच्यापेक्षा दबलेला होता. म्हणजे दोष जिनेतच, असं मला वाटलं आणि मी निर्धास्त झोपले. नवा भर घालून घ्यायचा, काम संपलं.

शनिवारी सकाळी पहिली चूक माझीच झाली. गोठ्यासमोर रंभेला उभी केली, कॅमेरा लावला, तर तिची अख्खी डावी बाजू पिवळीजर्द. मी हरखलेच. मग लक्षात आलं की तिच्या डाव्या अंगावर अर्धा तास कोवळं ऊन पडत होतं. इतकी वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले की जनावर सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला, कोरड्या अंगाने उभं करा, आणि स्वतः मात्र विसरले. काका म्हणाले, “ऊन तं मले बी दिसते पोरी. त्याले यंत्र कायले पाह्यजे?”

रंभेला आत बांधली. तासभराने पुन्हा फोटो काढला. आता दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या. मग मी काकांना फक्त दहा मिनिटं, चालीनेच, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायला सांगितलं. जीन चढवताना रंभा चावायला वळली. काकांचा हात वर गेला आणि मला पाहून खाली आला.

ते परत आले, उतरले, जीन काढली. मी लगेच फोटो काढला. उजवीकडे जिनेखालचा भाग सारखा, फिकट पिवळा. डावीकडे तळहाताएवढा पांढरट डाग, नेमका त्या पांढऱ्या केसांच्या जागी. जिनेच्या खालच्या बाजूचा फोटो काढला, तिथे तोच डाग. हे अपेक्षितच होतं. मग सवयीने मी जीन सुलटी केली आणि बसायच्या जागेचाही फोटो काढला. तिथेही डावीकडेच ऊब जास्त होती. दबलेल्या भरामुळे स्वार कलला असेल, असं मनाशी म्हणून मी कॅमेरा हातात घेऊनच ओसरीत आले.

काका बाकावर येऊन बसले होते. काकूंनी आतून हाक मारली म्हणून ते उठून आत गेले. कॅमेरा चालूच होता आणि माझ्या हातात बाकाच्या दिशेने धरलेला होता. पडद्यावर गार, निळ्या लाकडावर त्यांच्या बसण्याची खूण उमटलेली होती. डावी बाजू ठळक, भरलेली. उजवी बाजू नुसती पुसट कड.

बाकाला भर नव्हता. बाक सरळ होता.

खूण विरत गेली तशी मी ती पाहत उभी राहिले. मोडलेल्या हाडाला जपता जपता काका चार वर्षं डाव्या अंगावर बसत होते. त्यांच्याच वजनाने जिनेचा भर दबला होता आणि ते सगळं वजन रंभेच्या पाठीत एकाच जागी उतरत होतं. काकू चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा डावीकडची खूण अजून दिसत होती. त्यांनी पडदा पाहिला आणि हळू म्हणाल्या, “चप्पल बी त्यायची डावीच झिजते. मले वाटलं, चालण्यानं.”

आता हे काकांना सांगायचं होतं. ज्या माणसाने मला सरळ बसायला शिकवलं, त्याला सांगायचं की तुम्ही वाकडे बसता. ते बाहेर आल्यावर मी आधी जिनेबद्दल बोलले, भराबद्दल बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, नवा भर घातला तर घोडी सुधारेल का? खोटं बोलणं सोपं होतं. रविवारी घेणारा आला नसता, मी सोमवारी नाशिकला पोचले असते आणि रंभेची पाठ तीन महिन्यांत पुन्हा तशीच झाली असती.

मी त्यांना पुन्हा बाकावर बसवलं, दोन मिनिटांनी उठवलं आणि पडदा त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी चष्मा लावला. खूण पूर्ण विरेपर्यंत पाहत राहिले. मग मी रंभेच्या पाठीचा फोटो दाखवला. तो त्यांनी बराच वेळ पाहिला.

“म्हणजे तिले दुखत होतं,” ते म्हणाले, “अन् मी तिले मारत होतो.”

“हो काका.”

ते उठून गोठ्यात गेले. मी मागे निघाले, तर काकूंनी माझा हात धरून बसवून ठेवलं. आतून रंभेच्या अंगावर फिरणाऱ्या खराऱ्याचा आवाज येत होता, बराच वेळ, एका लयीत.

दुपारी त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. पाठ बरी होईल का? मी म्हटलं, दोन-तीन महिने जीन चढवली नाही तर होईल. आणि नंतर मी बसू शकेन का? मी म्हटलं, काका, तुमची कंबर सरळ होणार नाही. त्यांनी मान हलवली. मग मेहकरच्या माणसाला स्वतः फोन केला आणि सांगितलं की घोडी नाठाळ नाही, आपली समजूत चुकली होती, आता विकायची नाही.

संध्याकाळी गजानन आला. त्याचंही काही चुकत नव्हतं. बसायचं नाही, लग्नात न्यायची नाही, मग तिला पोसायची कशाला, असं त्याचं म्हणणं. काकू भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, “मी बी कवाची बिनकामाची झाली. मले इकतं का?” गजानन हसला आणि त्याने तो विषय सोडला.

रविवारी सकाळी मी चिखलीच्या बसने निघाले. गावाबाहेर, हरभऱ्याच्या शेतांमधून रस्ता जरा वळतो तिथे काका दिसले. एका हातात काठी, दुसरा हात रंभेच्या मानेवर. तिच्या पाठीवर काहीच नव्हतं. ते तिच्या शेजारून लंगडत शेताकडे चालले होते आणि ती त्यांच्या चालीने चालत होती, अर्धं पाऊल मागे. चालकाने भोंगा वाजवला. दोघांनी रस्ता दिला, पण वळून कोणी पाहिलं नाही. माझ्या लहानपणी ज्या वाटेला वीस मिनिटं लागायची, तिला आता त्यांना तास लागत असेल.

गाव पुन्हा पाहायला म्हणून जावं आणि गावातलं कोणीतरी म्हातारं झालेलं पाहून यावं, हे माझ्या वयाच्या प्रत्येकाचं होतं. मलकापूरहून निघालेल्या गाडीत मला मात्र वेगळीच चुटपुट लागली होती. मंगळवारी मी आमच्या घोडेस्वारीच्या क्लबात गेले, माझ्या नेहमीच्या घोडीवर वीस मिनिटं बसले, आणि उतरल्यावर सहकाऱ्याला म्हटलं, हिच्या पाठीचा फोटो काढ. कॅमेरा घेतल्यापासूनच्या सात वर्षांत मी दुसऱ्यांच्या घोड्यांचे शेकडो फोटो काढले होते, माझ्याखालच्या घोडीचा एकही नाही. पडद्यावर उजवीकडे, फार नाही, पण स्पष्ट, एक पिवळा पट्टा होता.

त्या संध्याकाळी काकांना फोन केला. रंभा चरते, आता हातातून गूळ घेते, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना माझ्या पट्ट्याचं सांगितलं.

“मंग तू कवा उतरशीन?”

“इतक्यात नाही काका. आधी कंबरेचे व्यायाम करून पाहते.”

“पाहा,” ते म्हणाले. “पण तिले इचारत जाय.”