पाण्यात घातलेलं मडकं

लंडनच्या पिनर उपनगरातल्या आमच्या घरात ते मडकं आलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आधी खिडकीत ठेवलं, मग उन्हाच्या भीतीनं कपाटावर, मग कुणाचा धक्का लागेल म्हणून पलंगाखाली. अमेरिकेतल्या वाळवंटात कुणा प्यूब्लो आदिवासी बाईनं ते चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून घडवलं होतं. वर पांढऱ्या मातीचा लेप, त्यावर बारीक काळ्या रेघा. होपी आणि इतर प्यूब्लो जमातींच्या मडक्यांचा हा नाद मला ऐंशीच्या दशकात लागला. पुस्तकं वाचून, म्युझियमच्या काचांना नाक लावून शिकले. घरचे म्हणत, खूळ आहे. असेना!

त्या दिवशी म्युझियममधल्या एक बाई मडकं बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर प्रदर्शनात मांडणार होत्या, आणि त्याची माहिती मी लिहायची होती. माझ्या खुळाला पहिल्यांदाच कुणी अभ्यास म्हणणार होतं. सकाळपासून मी घरभर येरझारा घालत होते. शेवटी बिस्किटं आणायच्या निमित्तानं बाहेर पडले.

परत येते तर मडकं सिंकमध्ये, पाण्यात बुडालेलं. शेजारी पुण्याहून राहायला आलेल्या सासूबाई.

"अगं, मातीचं भांडं भिजवल्याशिवाय वापरतात का? म्हटलं, तुझी पाहुणी यायच्या आत तयार करून ठेवावं."

मी मडकं उचललं. लेप रेघांसकट माझ्या हाताला आला. तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या इतक्या खुशीत होत्या, पदर पार ओला झालेला.

"बरं केलंत, आई," मी कसंबसं म्हणाले.

म्युझियमच्या बाई आल्या. मडकं बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हे पाण्यात कुणी घातलं?" सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्या हसून मान डोलावत होत्या.

"मी," मी म्हणाले.

त्यानंतर बाईंनी मला मडक्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. चहाही घेतला नाही. मला रडू येत होतं.

दार लागल्यावर सासूबाईंनी विचारलं, "पसंत नाही पडलं वाटतं?"

"नाही पडलं."

"बरं झालं बाई, आपल्याच घरी राहिलं. नीट भिजलंही नव्हतं अजून." त्यांनी मडकं पुन्हा सिंकमध्ये ठेवलं.

नळ मीच सोडला.