मुंजाबांच्या वरच्या दाढा

मुंजाबा, हे तुमची नात अक्षदा वाचून दाखवील. मध्येच "बाई, बास" म्हणू नका.

देवगाव रंगारी सोडून लेकाकडे, माझ्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायला आलात, तरी शेळीबाजार काही सुटला नाही. शेळीचे खालचे पुढचे दात बघायचे आणि वय सांगायचं, हा तुमचा मान. त्या मानानंच घात केला.

उजवी वरची दाढ ठणकायला लागली, तेव्हा क्रांती चौकातल्या दातांच्या डॉक्टरणीनं एक्स-रे काढून सांगितलं, दाढा ठणठणीत आहेत, नाकाच्या डॉक्टरांकडे जा. तुम्ही तिलाच सुनावलंत, "तीस वर्षं दात बघतो मी. मला नका शिकवू." दुसरीकडे जाऊन चांगली दाढ उपटून घेतलीत. ठणका जागच्या जागी!

मग गाल धरून माझ्याकडे.

"बाई, उद्या शेजारची काढतो."

"आणि मग?"

"तिच्या शेजारची. शेळीला वर पुढं दातच नसतात. काय अडतं का तिचं?"

"दाढा असतात ना पण?"

"त्या बाजारात कोण बघतं?"

"अहो, तुम्हाला विकायचंय का कुणाला? हुरडा कशानं खाणार?"

तेवढ्यात माझा चष्मा पडला. उचलायला वाकलात आणि "आयाया" करून खालीच बसलात.

"वाकल्यावर दुखतं?"

"लई! परवा शेळीचं तोंड बघाया वाकलो, तर तिच्याआधी मीच बोंबललो. गिऱ्हाईक म्हणतंय, ह्यातलं विकायचं कोण?"

मी कपाळाला हात लावला. वाकल्यावर दाढ कशाला दुखेल? वरच्या दाढांच्या मुळांवर गालाच्या हाडात पोकळी असते. सर्दीनं ती तुंबली की दाढांच्या नावानं ठणका. कॉलेजात शिकवत होते तेव्हा मीही दोन हिवाळे हेच भोगलंय. तशीच रिक्षात घालून तुम्हाला नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या दिल्या, वाफ घ्यायला सांगितली. माझ्याच घरी वाफ घेताना तुम्ही टॉवेल सोडून घोंगडी पांघरलीत आणि आत इतके शिंकलात की तुमचा लेक हनुमान धावत वर आला, "बाई, आबाला काय केलं?"

आठवड्यात ठणका गेला. उरलेल्या दाढा वाचल्या.

मग तुम्हीच म्हणालात, "त्या डॉक्टरीणबाईला पेढे देऊ. चुकलं म्हणू. तुम्ही बोला, मी मान हलवतो." मंगळवार ठरला. मंगळवारी तुमचा बाजार. पुढच्या मंगळवारी माझा बीपी. परवा आपली रिक्षा नेमकी तिच्या दवाखान्यासमोर सिग्नलला थांबली. तुम्ही उपरणं तोंडावर ओढलंत. मीही "उतरा" म्हटलं नाही. सिग्नल सुटला.