फक्त मेंबरांसाठी

मी जानकीमावशीला पाच वर्षं पाणी पिऊ दिलं नाही.

काल ती गेली.

ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. डिचोली तालुक्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयाच्या दाराशी ती फुलं घेऊन बसायची. साळ गावाहून सकाळच्या पहिल्या बसने यायची. अबोलीच्या फाती, म्हणजे केळीच्या दोऱ्यात गुंफलेले गजरे. सुरंगीच्या दिवसांत सुरंगी. दुपारी तीनच्या बसने परत.

मी तिथे ग्रंथपाल. आणि माझी एक हौस होती. दाराबाहेरच्या फळ्यावर रोज सकाळी ‘आजची आरोग्य टीप’ लिहायची, फोटो काढून इथे टाकायची. तुम्ही लाइक करत होतात.

त्या फळ्याची पहिली वाचक जानकीमावशी.

शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायची, शेजारच्या भाजीवाल्या शेवंतीला ऐकू जाईल असं. वर स्वतःचा शेरा.

‘जेवल्यावर शंभर पावलं चाला.’

“चलतां गो बाय. फुलां तूं विक.”

‘एका जागी फार वेळ बसू नका.’

“आयकलें मगो शेवंती? ऊठ, नाच!”

एकदा मी लिहिलं, ‘दिवसातून आठ ग्लास पाणी प्या.’

तिने वाचलं.

“पितां गो. पूण मागीर वचूं खंय? तुज्या ह्या फळ्यामागें?”

सगळे हसले. मीही हसले. फोटोखाली तिचा डायलॉग म्हणून टाकलासुद्धा. हसणाऱ्या इमोजींचा पाऊस.

तिने प्रश्न विचारला होता. प्यायल्यावर जाऊ कुठे?

तिच्याजवळ पाण्याची बाटली असायची. भरलेली. दर अर्ध्या तासाने त्यातलं पाणी ती फुलांवर शिंपडायची. स्वतः घोटभर, तोही गोळी गिळायची असली तर.

सार्वजनिक शौचालय बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. तिचे गुडघे गेलेले. आणि टोपली कुणाच्या भरवशावर सोडायची?

आमच्या वाचनालयाच्या मागे मात्र शौचालय आहे. स्वच्छ, टाइल्स लावलेलं. उंबरठा काढून टाकलेला, उठताना धरायला भिंतीत दांडा बसवलेला. ते सगळं मीच मागे लागून करून घेतलं होतं, वयस्क मेंबरांसाठी. त्याचीही पोस्ट टाकली होती.

चावी माझ्या ड्रॉवरमध्ये.

ती पहिल्याच वर्षी मागायला आली होती. पुस्तक बदलायला आलेला माणूस जाईपर्यंत दारात थांबली, मग हळूच म्हणाली, “बाय, चावी दितली मगो? बेगीन येतां.”

“मावशी, ते फक्त मेंबरांसाठी आहे गो. कमिटीला विचारावं लागेल.”

“विचार मगो.”

“विचारते.”

विचारलं नाही.

एकीला दिली की अख्खा बाजार येईल. घाण होईल. साफ करणारी बाई कटकट करील. हे तेव्हा मी मनातसुद्धा नीट शब्दांत म्हटलं नव्हतं. आज म्हणते.

काही महिन्यांनी ती परत आली. ह्या वेळी वेगळा मार्ग शोधून, स्वतःच मेंबर व्हायचा.

“मेंबर जावपाक कितें लागता?”

आणि मी काय म्हणावं?

“कितें गो मावशी, वाचतली काय तूं?”

रोज सकाळी माझा फळा मोठ्याने वाचणाऱ्या बाईला मी हे विचारलं.

ती हसली. “तें बी खरें,” म्हणाली, आणि आपल्या टोपलीपाशी जाऊन बसली. परत कधी मागितलं नाही.

मी मात्र दिवसातून चार वेळा ती चावी घेऊन मागे जात होते. हात धुऊन येत होते. एखादी फात घेऊन केसांत माळत होते.

मग तिला अधूनमधून ताप यायला लागला. लघवीला जळजळ. “उष्णता,” म्हणायची. मी तिला धण्या-जिऱ्याचं पाणी प्यायला सांगितलं.

पाणी!

इन्फेक्शन वरचेवर होत राहिलं. गेल्या वर्षी रिपोर्टमध्ये किडनीचं निघालं.

काल मी साळला गेले. तिची सून अस्मिता मला हाताला धरून आत घेऊन गेली. म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, कारणं बरीच असतात. साखर पण होती आईला.”

खरं असेल. पण त्या ‘बरीच’मध्ये मला लपायचं नाही.

मग अस्मिता म्हणाली, “आई घरी आली की रोज तुमची टीप आम्हाला म्हणून दाखवायची. पोरांना तर मोजून आठ ग्लास पाणी प्यायला लावायची. प्यायली नाहीत तर ओरडायची, बायने लिहिलंय म्हणून!”

ती कौतुकाने सांगत होती. तिला काहीच माहीत नाही. शेजारणीने आणलेला चहा न घेताच मी उठले.

आज सकाळी वाचनालयाच्या अध्यक्षांना फोन केला. बाजारात बसणाऱ्या बायकांना आपलं शौचालय वापरायला देऊ का, असं विचारलं. पाच वर्षं राहून गेलेलं बोलणं मिनिटभरही चाललं नाही.

“दी मगो,” ते म्हणाले. “चावी तुजेकडेच आसा न्ही? म्हाका कित्याक विचारता?”

चावी नेऊन शेवंतीच्या हातात दिली. तिने घेतली. माझ्याकडे पाहिलं नाही.

जानकीमावशी, कमिटीने तुला कधीच नाही म्हटलं नव्हतं. कमिटीच्या कानावर गेलंच नव्हतं.

नाही म्हणणारी मी होते.

तू असताना तुला हे सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते.

मान खाली घालून तुला नमस्कार, मावशी.