जळू दिलेली खिडकी

भाड्यानं किंवा विकत द्यायच्या घरांचे फोटो काढणं आणि ते सुधारणं हा माझा धंदा. आधी मी लग्नाच्या अल्बमचं काम करायचे. नवरीच्या मावशीच्या चेहऱ्यावरचे डाग पुसून पुसून जीव विटला. त्यापेक्षा घरं बरी. मला जाड का दाखवलंस म्हणून ती भांडायला येत नाहीत.

घराच्या फोटोत सगळा त्रास खिडकीचा. आपल्या डोळ्याला खोलीही दिसते आणि बाहेरचंही दिसतं. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम जमत नाही. खोली नीट आली की खिडकी पांढरीफटक होते. आम्ही म्हणतो, खिडकी जळली. खिडकी सांभाळावी तर खोली काळीकुट्ट. म्हणून कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा आणि जराही न हलवता तीन फोटो काढायचे: एक खोलीसाठी, एक खिडकीसाठी, एक मधला. मग घरी कॉम्प्युटरवर ते एकावर एक ठेवून, खिडकीपुरता खिडकीचा फोटो वर आणायचा. हे सगळं आता एका बटणावर होतं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या फोटोतले खिडकीचे गज एकदा निरखून बघा. कडेनं धूर निघाल्यासारखे दिसतात. मी गज हातानं करते, एकेक करून. त्याला वेळ लागतो आणि मला त्याचा माज आहे.

दुसरा माज असा, की खिडकीबाहेर जे नाही ते मी कधी चिकटवलं नाही. चिकटवणारे आहेत. गिरगावातल्या खोलीबाहेर मी बर्फाचे डोंगर पाहिलेत आणि माटुंग्याच्या तळमजल्याला समुद्र. मी फार तर केबलच्या वायरी आणि वाळत घातलेले टॉवेल पुसते.

गेल्या वर्षी दादरच्या एका एजंटनं मला परळची एक जागा दिली. भाड्यानं द्यायची होती. तिसरा मजला, वन रूम किचन, खिडकी एकच पण मोठी, मागच्या बाजूला. तिच्यासमोर, झाडूचा दांडा बाहेर काढला तर टेकेल इतक्या जवळ, नव्या टॉवरचं काम चाललं होतं. खालपासून पार वरपर्यंत हिरवी जाळी. भर दुपारी खोलीत हिरवट अंधार. मी तीन फोटो काढले आणि घरी येऊन नेहमीसारखे जोडले. जाळी सुरेख आली, तिचा धागा न् धागा मोजता येईल अशी.

एजंटचा फोन आला. "मॅडम, एवढी मेहनत कशाला केली? जाळी बघितली तर पार्टी जिना चढणार नाय. झाडबिड टाका ना काहीतरी."

"झाड मी टाकत नाही," मी म्हटलं.

"मग तुम्हीच सांगा काय करायचं ते."

मी खिडकीसाठी काढलेला फोटो काढूनच टाकला. खोलीचा फोटो आणखी उजळला, भिंतींवरची हिरवी झाक उतरवली आणि खिडकी जळू दिली. बघणाऱ्याला वाटावं, बाहेर नुसतं ऊन आहे. एजंट खूश झाला. मी तर काहीच चिकटवलं नव्हतं, त्यामुळे मीही खूश.

लालबागला एक काकी माझे ब्लाउज शिवतात. नात्यानं कुणी नाहीत, पण मी कॉलेजात असल्यापासून त्यांच्याकडे जाते. चाळीतली तळमजल्यावरची खोली, आत दिवसाही दिवा लावावा लागतो, म्हणून मशीन दारात. काका हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहेत, पण घर खरं चालतं ते त्या मशीनवर. चाळ पाडायची ठरली होती. नवी बिल्डिंग उभी राहीपर्यंत, म्हणजे तीन वर्षं तरी, भाड्यानं राहायचं होतं, आणि लांब जाऊन चालणार नव्हतं, गिऱ्हाईक तुटलं असतं. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांना बजावलं होतं, की दिव्याखाली शिवणं बंद करा, दिवसाच्या उजेडात काय शिवायचं ते शिवा, नाहीतर मशीन सोडावी लागेल.

परळच्या फोटोंनंतर पंधराएक दिवसांनी, एका शनिवारी, मी ब्लाउज आणायला गेले.

"जागा गावली गो," काकी म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "परळलाच. बघ, केवढा उजेड. मशीन ह्या खिडकीखाली लावणार. सोमवारी अ‍ॅग्रीमेंट."

फोटो माझा होता.

"बघून आलात?" मी विचारलं.

"आलो ना. ह्यांची ड्युटी सहाला सुटते, गेलो तेव्हा काळोख पडलेला. खिडकी बंद होती. एजंट बोलला, डास येतात, उघडू नका. पण दिवसाचा फोटो आहे की."

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी ब्लाउजच्या बाह्यांबद्दल बोलत बसले. निघताना कसंबसं म्हटलं, "काकी, उद्या सकाळी आपण दोघी जाऊन येऊ या. दिवसा एकदा बघितलेली बरी." त्यांना ते आवडलंच. मशीनसाठी मापही घेता येईल, म्हणाल्या.

एजंटला मी फोटो परत काढायचेत असं खोटंच सांगितलं. वॉचमननं किल्ली दिली. सगळं वाटेत सांगायचं असं मी ठरवलं होतं, पण वाटेत काकी मोठ्या खिडकीला पडद्याचं कापड किती लागेल ते बोटांवर मोजत होत्या. मी ऐकत राहिले. वर गेल्यावर मी खिडकी उघडली.

सकाळचे अकरा वाजले होते. काकी खिडकीपाशी गेल्या, जाळीकडे पाहत उभ्या राहिल्या. मग ब्लाउजला खोचलेली सुई त्यांनी काढली, पर्समधून दोऱ्याचं रीळ काढलं आणि सुई खिडकीपुढे उंच धरली. पहिल्यांदा दोरा बाजूनं गेला. त्यांनी टोक जिभेवर ओलं केलं, पुन्हा धरलं. तिसऱ्यांदा त्या गजांना अगदी चिकटून उभ्या राहिल्या. मी देते ओवून, असं म्हणायला माझं तोंड उघडेना. शेवटी त्यांनी सुई होती तिथे परत खोचली.

"ही जाळी काढतील ना कधीतरी?"

"जाळी काढतील, काकी. मागची बिल्डिंग राहील."

त्यांनी काकांना फोन लावला. "अहो, ही जागा नको. नाय, काय झालं नाय. काळोख आहे. हां, माहितेय मला, चाळ खाली करायला आठच दिवस राहिलेत. दुसरी बघू."

फोन ठेवल्यावर मी सांगितलं, "तो फोटो मी काढलाय." त्यांना आधी कळलंच नाही. मग सगळं सांगितलं: तीन फोटो, जाळीचा फोटो, एजंटचा फोन, पांढरी केलेली खिडकी. मी झाड टाकलं नाही हेही सांगितलं, कशासाठी ते देव जाणे. बोलता बोलता मला रडू येत होतं आणि माझाच रागही येत होता.

"फोटो काढलास तेव्हा तू इथंच उभी होतीस?" त्यांनी विचारलं.

"हो. इथंच."

"दिवसाची?"

"दुपारी."

"म्हणजे तुला दिसलं होतं."

"दिसलं होतं," मी म्हटलं.