पहिल्या शीलाचा अर्थ

गयाआत्या गेल्याचे वडिलांचे कार्ड मला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळाले. हातातले द्रावण गाळून झाले, नोंदवहीत आकडा लिहिला आणि मगच मी आमच्या गावाची, तेरची, गाडी धरली. अर्धवट सोडलेल्या कामाची आत्याला चीड होती.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली, तरुणपणीच विधवा झालेली बहीण. अक्षरे शिकली ती चाळिशीत, प्रौढांच्या वर्गात. आमच्या वस्तीने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा एक धम्मप्रचारक दोन दिवस राहून गेले आणि जाताना त्रिशरण-पंचशीलाची एक पातळ पुस्तिका ठेवून गेले. नांगराला बौद्धांच्या जुन्या विटा लागाव्यात असे आमचे गाव. पण पालीतले एक वाक्य समजेल असे वस्तीत कोणी नव्हते. आत्याने ते काम अंगावर घेतले. खुरपणी करता करता पाचही शीले पाठ केली आणि रविवारी दुपारी अंगणातल्या लिंबाखाली बायकांना शिकवू लागली. शेजारच्या सोनाबाई म्हणत, "काल पाटी धरली, आन् आज गुरूबाई झाली." मात्र त्याही न चुकता येऊन बसत, खोड काढायला.

वर्षभराने सुटीत मी तो वर्ग पाहिला. 'पाणातिपाता वेरमणी...' हे पहिले शील म्हणवून घेऊन आत्या अर्थ सांगत होती : पाण्यावरून कुणाला अडवायचे नाही. विहिरीच्या काठावर उभे राहून, कोणीतरी वरून ओतील तेव्हा ओंजळ पुढे करण्यात जिचा जन्म गेला, तिला 'पाणा'मध्ये दुसरे काय ऐकू येणार? "बुद्धाला ठावं व्हतं, म्हणून त्यानं पाणी पयलं घेतलं," ती म्हणाली, आणि बायकांनी माना डोलावल्या.

घरात आल्यावर मी तिला खरा अर्थ सांगितला. 'पाण' म्हणजे प्राण. जीव घेण्यापासून दूर राहण्याचे ते व्रत. तिने पुस्तिका उघडून त्या शब्दावर बोट ठेवले. चूक कबूल केली तर वर्ग मोडेल, ही भीती मला दिसत होती. म्हणून मी व्यवहारी तोड सुचवली : पुढच्या रविवारपासून बरोबर अर्थ सांगावा, मागचे काढू नये.

"आन् चवथ्या शिलाचं काय करू?" तिने विचारले. चौथे शील खोटे न बोलण्याचे.

रविवारी ती उभी राहिली. "म्या वरीसभर चुकीचं शिकवलं. पाणी न्हाय, जीव. जीव घ्यायचा न्हाय, असं हाय ते."

सोनाबाईंना हवी होती ती संधी मिळाली. "म्हंजी आता पाणी अडवायला मोकळीक झाली म्हना की, गुरूबाई."

बायका हसल्या. आत्या हसली नाही. "सोना, तहानलेल्याला पाणी दिलं न्हाय, तर काय जातंय त्याचं?"

"जीव," सोनाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर सारखा केला.

विज्ञान शिकताना मी पुष्कळ सिद्धता पाहिल्या. गृहीतक चुकले हे स्वतः जाहीर करून, बरोबर गृहीतकावरून तोच निष्कर्ष पुन्हा उभा करणारी एवढी स्वच्छ सिद्धता मला पुढेही क्वचितच भेटली, आणि ती माझ्या आत्याने मांडली होती, याचा मला अभिमान आहे. दोघी-तिघी वर्गाला यायच्या थांबल्या. बाकीच्या येतच राहिल्या. त्या दिवसापासून वर्ग संपवताना आत्या विचारी, "आज काय चुकलं माझं?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठत नसे.

तिच्या पुण्यानुमोदनाला पंचशील सोनाबाईंनी दिले. रडून घसा बसलेला. तिसऱ्या शीलात एक शब्द गळाला. अशा प्रसंगी कोणी चूक काढत नाही. शेवटचे शील झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "काय चुकलं माझं?"

मी हात वर केला.