दुसरं बटण

दाजी गेल्याची बातमी मला कापूरहोळच्या फाट्यावर कळली. पुण्याहून परतताना भोरच्या एसटीची वाट पाहत बाकावर बसलो होतो. ओळखीचा हॉटेलवाला बाहेर आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सदाशिवराव, एसटीची वाट बघू नका. त्यो ट्रक भोरला चाललाय, त्यात बसा. तुमचं दाजी गेलं सकाळी." छातीचं दुखणं महिनाभर चाललं होतं, तेव्हा बातमी अगदीच अचानक नव्हती. पण त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरेल. मला सुटल्यासारखं वाटलं... आता ते मला कधीच विचारणार नाहीत, असं. ट्रक निघाला आणि मग दुसरी बाजू ध्यानात आली. ते विचारणार नाहीत हे खरं, पण मलाही आता त्यांना सांगता येणार नव्हतं.

दाजी म्हणजे बाबूराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. भोर संस्थान विलीन झालं तेव्हा माझी दप्तरातली कारकुनी गेली, आणि बायको-मुलांसह मी त्यांच्या दारात उभा राहिलो. लढाईच्या काळात त्यांनी लष्करी कारखान्यात रेडिओचं काम शिकून घेतलं होतं. परतल्यावर स्वतःच्या हातानं लाऊडस्पीकरचं मशीन बांधलं, दोन कर्णे आणि एक जुना पेट्रोलचा जनरेटर मिळवला. लग्नं, जत्रा, सभा... भोरपासून वेल्ह्यापर्यंत त्यांना बोलावणी यायची. मला त्यांनी जोडीला घेतलं. "अक्षर चांगलं हाय तुझं, पण वीज अक्षर बघत न्हाई," एवढंच पहिल्या दिवशी म्हणाले.

त्यांच्या मशीनला दोन बटणं होती. पहिलं वर केलं की आतल्या काचेच्या व्हॉल्व्हमधल्या तारा तापायला लागायच्या. त्या पुरत्या तापल्या, लालसर दिसू लागल्या, की मग दुसरं बटण. त्यानं तीनशे-साडेतीनशे व्होल्टचा दाब सुटायचा. थंड व्हॉल्व्हवर तो दाब टाकला तर ते लवकर मरतात, असं दाजी सांगायचे. भाषणं थांबली की दुसरं बटण खाली, म्हणजे व्हॉल्व्ह गरम राहतात आणि दाब मात्र नसतो. डबा उघडायचा झाला तर आधी दुसरं बटण खाली, मग आतली उरलेली वीज ओसरेपर्यंत मनात शंभर आकडे, आणि हात घालायचा तो एकच. डावा हात पाठीमागं, कमरेवर, म्हणजे झटका बसलाच तर तो छातीतून दुसऱ्या हाताकडं जात नाही. मला हे सगळं त्यांनी करून दाखवलं, पण ते नसताना डबा उघडायची मनाई होती.

लोकांना हा वेळकाढूपणा वाटायचा. एकदा जत्रेत एक म्हातारा धनगर कंटाळून म्हणाला, "आवं, म्हस पान्हवायला बी येवढा येळ लागत न्हाई." सगळे हसले. दाजी काचेवरची नजर न काढता म्हणाले, "पान्हा फुटायच्या आदी कास वढली तर लाथ कुणाला बसती, बाबा?" म्हातारा म्हणाला, "वढणाऱ्याला." "मग बसा गुमान." तो म्हातारा बसला, आणि पुढं प्रत्येक जत्रेत मशीनजवळच बसायला लागला.

आक्का आजारी होती म्हणून एकदा दाजींनी मला वेल्ह्याकडच्या एका लग्नात मशीन घेऊन एकट्याला पाठवलं. पहिल्यांदाच. मंगलाष्टकं चालू असताना आवाज तुटायला लागला. दुसऱ्या बटणाच्या आतली पट्टी सैल झाली होती, हात लावला की आवाज यायचा, सोडला की जायचा. वऱ्हाड माझ्याकडं बघत होतं. मी जनरेटर थांबवला, डबा उघडला आणि बटणाच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या तारेचा तुकडा पिळून जोडून टाकला. लग्न पार पडलं. पण आता ते बटण वर करा की खाली, दाब कायमच चालू राहणार होता.

घरी आल्यावर दाजींनी विचारलं, "काई अडचण?" मी म्हणालो, "न्हाई." डबा उघडला हे कळलं तर पुन्हा एकट्याला पाठवणार नाहीत, एवढीच भीती होती. पुण्याहून नवं बटण आणून गुपचूप बसवू, असं ठरवलं. ते राहिलं. तीन कार्यक्रम झाले. मशीन तापवताना आणि बटण खाली करतानाही दाजी आवाज आधी पुरता खाली करत, त्यामुळं त्यांच्या काही लक्षात आलं नाही. तीनही वेळा ते व्हॉल्व्ह तापायची वाट बघत बसले, आणि मग मोठ्या जपणुकीनं ते बटण वर केलं. त्या बटणाला आता काही अर्थ नव्हता. पहिल्या वेळी मला मनात हसू आलं होतं. तिसऱ्या वेळी मी तिकडं बघितलं नाही.

मग पाली. राजगडाच्या पायथ्याला शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. भर दुपार, पटांगण माणसांनी भरलेलं, शाळेमागं जनरेटरचा धडधडाट. पाहुण्यांचं भाषण रंगात आलं आणि आवाज घरघरू लागला. दाजींनी हात वर करून म्हटलं, "दोन मिंटं, मंडळी." आवाज पुरता खाली नेला, दुसरं बटण खाली केलं. झाकण काढलं. डावा हात पाठीमागं नेला आणि ओठांत आकडे मोजायला लागले.

त्या शंभर आकड्यांत मला बोलता आलं असतं. 'दाजी, थांबा' हे दोन शब्द. अध्यक्ष बघत होते, पाहुणे बघत होते... इतक्या लोकांत ते मला काय म्हणतील, हे माझ्या डोक्यात होतं. मी मनाशी म्हणालो, त्यांचा हात त्या बाजूला जाणार नाही. मग तेही पटेना, म्हणून पेट्रोल बघून येतो असं पुटपुटून जनरेटर बंद करायला निघालो. चाललो, पळालो नाही. पळालो असतो तर लोकांनी कारण विचारलं असतं. त्यांच्याबरोबर मीही मनात आकडे मोजत होतो; शंभर पुरे झाले, कोपऱ्यावर वळलो आणि मागं बाकं पडल्याचा आवाज आला, मग बायकांचा गलका. जनरेटर मी बंद केला, पण तेव्हा त्याचा उपयोग राहिला नव्हता.

दाजी जगले ते पाठीमागच्या डाव्या हातामुळं. उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती. लोक त्यांना ओसरीवर निजवून वारा घालत होते, कांदा हुंगवत होते. मी म्हणालो, "मी मशीन आवरतो." आणि सगळ्यांची पाठ असताना ती तार सोडवून खिशात घातली. दाजी पडले तेव्हा मशीन कलंडून बटणही निखळलं होतं, ते मी नवं बसवलं. आठवड्यानं दाजींनी हात गळ्यात बांधलेला असताना मशीन तपासलं. सगळं ठीक. झाकण खाली ठेवून ते म्हणाले, "म्हंजे म्या बटण खाली केलंच न्हाई, सदा. केलं असं नुस्तं वाटलं मला."

मी झाकण उचलून मशीनवर बसवलं.

त्यानंतरची सहा वर्षं त्यांचा स्वतःवर विश्वास राहिला नाही. बोटं वाकडीच राहिली, पण ते त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. जेवता जेवता उठून कंदील विझवलाय का बघायचे. विझलेला असायचा. आक्काला विचारायचे, "म्या औषध घेतलं का गं?" बाजारात कुणी थट्टेनं म्हणायचं, "बाबूराव, बटण बघितलं का?" आणि ते कसनुसं हसायचे. कार्यक्रमाला गेलं की बटण खाली करून मला हाक मारायचे, "बघ रं, हाय का खाली?" मी वाकून बघायचो आणि सांगायचो, "हाय, दाजी." दर वेळी वाटायचं, आता ते वळून माझ्या तोंडाकडं बघतील.

चार दिवसांपूर्वी आक्काकडं गेलो. मशीन तिच्या खोलीत कोनाड्यात आहे, वर तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा टाकलाय. मी सांगायला सुरुवात केली. ती धान्य निवडत होती, निवडत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर उठली, लुगडं बाजूला केलं आणि म्हणाली, "दुसरं कुठलं?" मी दाखवलं. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.

"हे त्यांनी खाली केलं व्हतं?"

"व्हय."

"तू बघितलंस?"

"बघितलं, आक्का."

"मोजलं बी?"

"शंभर मोजलं."

ती बोट तसंच ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "सा वर्सं ते माणूस रातचं उठून माझी माफी मागत व्हतं, तुझ्या नशिबी वेंधळा माणूस आलाय म्हणून. मला सांगून तुझं वझं उतरलं आसंल. त्यांचं कुटं उतरलं? जे त्यांस्नी हसलं, त्यांस्नी जाऊन सांग." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही, आणि बोलेल की नाही मला माहीत नाही.

दारोदार जाऊन सांगायची माझी छाती नाही, म्हणून इथं छापायला लिहून देतो. भोरात आणि वेल्ह्यात ज्यांनी बाबूरावांना पाहिलं, त्यांची थट्टा केली, त्यांनी कृपा करून वाचावं. पालीच्या त्या दुपारी त्यांनी बटण खाली केलं होतं. शंभर आकडे पुरते मोजले होते. ते काहीही विसरले नव्हते.